जांभळा गुलाब आणि गावोगावची हवा

ओतूर सोडून माळशेज घाटाच्या रस्त्याला लागले, उदापूर-डिंगोरे मागे पडले, की हवा बदलते. उसाची आणि कांद्याची वावरे मागे राहतात, भाताची खाचरे दिसू लागतात आणि समोर हरिश्चंद्रगडाचा डोंगर उभा राहतो. मढ गाव आले म्हणजे समजावे, आता पावसाचा मुलूख सुरू झाला. या मढच्या बाजूला एक छोटी शाळा आहे. तिथल्या गुरुजींनी मला एकदा भर सप्टेंबरात निरोप धाडला, "सर, तुम्ही दिलेला गुलाब गेला. आमच्या मातीत गुलाब येत नाही हेच खरे."

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. बागवानी हा माझा धंदा नव्हे, नाद आहे. त्या वर्षी मी एका रोपवाटिकेतून जांभळ्या फुलांच्या झुडपी गुलाबाची तीन कलमे आणली होती. एकाच आईची तिन्ही लेकरे. एक मढच्या शाळेला दिले, एक नारायणगावच्या माझ्या द्राक्षबागायतदार मित्राला, आणि तिसरे माझ्या धाकट्या बहिणीला. ती शिरूरच्या पूर्वेला एका खेड्यात दिलेली आहे. तिघांनाही एकच सूचना सांगितल्या, त्याही एका जाड पुस्तकातून वाचून. दीड-दोन फूट खोल खड्डा घ्या, शेणखत भरा, कलम लावा, पाणी घाला. झाले!

तिन्ही घरी कलमांचे काय झाले, ते सांगतो. आपल्याला गुलाब लावायचा नसेल, तरी हे ऐकण्यासारखे आहे. कारण गुलाबाच्या निमित्ताने आपल्याच जिल्ह्याची हवा आपल्याला नीट कळते.

प्रथम या फुलाविषयी दोन शब्द. निळ्या-जांभळ्या रंगाचे माणसाला मोठे वेड. पण निसर्गाने गुलाबाला खरा निळा रंग दिलेलाच नाही. आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाच्या फुलात जे निळे रंगद्रव्य असते, ते बनवण्याची शक्ती गुलाबात नाही. गुलाबाकडे लाल-गुलाबी रंगद्रव्य आहे. पाकळीतील रस किती आंबट आहे आणि त्या रंगद्रव्याच्या सोबतीला दुसरी कोणती द्रव्ये आहेत, त्यावर तो लाल रंग जांभळ्याकडे झुकतो. म्हणून बऱ्याच जांभळ्या गुलाबांची कळी लालसर असते आणि फूल शिळे होत गेले की राखी-निळसर दिसते. जपानमधील एका कंपनीने २००४ साली पॅन्सी फुलातील गुण गुलाबात घालून 'निळा गुलाब' जाहीर केला. २००९ पासून तो तिकडे विकला जाऊ लागला. पण तोही प्रत्यक्षात फिक्या जांभळ्या रंगाचाच आहे. इंग्लंडमध्ये फ्रँक काउलिशॉ नावाच्या एका हौशी माणसाने 'रॅप्सडी इन ब्लू' नावाचा जांभळा झुडपी गुलाब तयार केला आणि त्याला २००३ साली तिकडे 'वर्षाचा गुलाब' हा मान मिळाला. आपल्याकडेही दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने १९७५ मध्ये 'नीलांबरी' नावाचा फिक्या जांभळ्या झुपक्यांचा गुलाब दिला.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. गोकर्णाची फुले गरम पाण्यात टाकावीत, पाणी निळे होते. त्यात लिंबाचे चार थेंब पिळले की ते जांभळे होते. रस आंबट झाला की रंग बदलला. पाकळीच्या आत असाच खेळ चाललेला असतो. मुलांना हे एकदा दाखवले की पुन्हा सांगावे लागत नाही.

आता तीन गावांकडे वळू. मढ, नारायणगाव आणि शिरूर ही तिन्ही पुणे जिल्ह्यातीलच. मोटारीने निघाले तर सकाळची न्याहारी मढला आणि दुपारचे जेवण शिरूरला होईल. पण अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. तिथे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. पुढे पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होत जातो. पुण्याला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तर शिरूरकडे त्याहूनही कमी. म्हणजे एका जिल्ह्यात तीन देश आहेत म्हणाना! आणि मी तिन्ही देशांना एकच पुस्तक वाचून दाखवले होते.

मढला काय झाले? मुलांनी माझ्या सांगण्याप्रमाणे दोन फूट खड्डा खणला. तिथे वरची माती वीतभर, खाली कडक मुरूम. मुरमात खणलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला रांजणच. मृगाचा पाऊस लागला आणि रांजण भरला. आता तुम्ही म्हणाल, शेजारच्या खाचरात भात पाण्यात उभा राहतो, मग गुलाबाला काय झाले? त्याचे कारण असे की भाताच्या ताटात आतून पोकळ्या असतात. त्यांतून हवा वरून खाली मुळांपर्यंत पोचते. गुलाबाच्या काडीत ही सोय नाही. त्याच्या मुळांना मातीच्या कणांमधली हवाच लागते. ती जागा पाण्याने घेतली की मुळे गुदमरतात आणि कुजतात. मग गंमत अशी की पाण्यात उभे असलेले झाड तहानलेल्या झाडासारखे मान टाकते. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो!

शाळेत नेमके हेच घडले. सातवीतील एका मुलीकडे झाडाची पाळी होती. पाने सुकलेली पाहून ती पावसाळ्यातही रोज तांब्याभर पाणी घालीत राहिली. झाड मेले तेव्हा कोणीतरी तिला म्हणाले, "तुझ्या हाताला गुण नाही." पोरीने ते मनाला लावून घेतले आणि बागेकडे फिरकायची बंद झाली. गुरुजींनी हे मला सांगितले तेव्हा मला फार वाईट वाटले. कारण चूक तिची नव्हती. खड्डा माझ्या पुस्तकातला होता.

मुळांच्या जोडीला पानांचेही दुखणे होते. मुलांनी मेलेल्या झाडाची पाने वहीत जपून ठेवली होती. त्यांवर काळे, कडा फाटल्यासारखे गोल ठिपके होते. हा काळ्या ठिपक्यांचा रोग. ही एक बुरशी आहे. तिचे बीज पावसाच्या शिंतोड्यांबरोबर उडते. पान सलग सात तास किंवा त्याहून अधिक ओले राहिले की ते रुजते. मढला जुलै-ऑगस्टमध्ये पान सात दिवस वाळत नाही, तिथे सात तासांचे काय घेऊन बसलात! पाने पिवळी पडून गळतात, झाड उघडे पडते आणि अन्न तयार करणे थांबते.

नारायणगावची तऱ्हा निराळी. तिथे झाड जगले, वाढले, पण पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मित्र म्हणाला, "खत कमी पडले असेल." तसे नव्हते. त्याच्या काळ्या जमिनीत चुनखडी होती. अशा जमिनीत लोह असते, पण झाडाला घेता येत नाही. घरात धान्य आहे आणि कणगीला कुलूप आहे, तसे हे. गुलाबाला किंचित आंबट जमीन मानवते. मग डिसेंबर आला. दिवसा ऊन, रात्री गारठा आणि दमट हवा. कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखी पांढरी भुरी आली. माझा मित्र द्राक्षवाला, त्याने भुरी लगेच ओळखली. भुरीची बुरशी काळ्या ठिपक्यांच्या अगदी उलट स्वभावाची. तिला पानावर साचलेले पाणी नको, नुसता दमटपणा हवा. म्हणून धो धो पावसात ती दबते आणि कोरड्या थंडीत उसळते.

शिरूरकडे पहिला हिवाळा छान गेला. बहिणीने फोनवर सांगितले, "दादा, फुले अशी आलीत की बायका बघायला येतात." पण एप्रिलमध्ये फुले लहान, फिकट आणि कडेने करपलेली येऊ लागली. रंगद्रव्य तयार व्हायला गार रात्री हव्यात. कडक उन्हात ते कमी तयार होते आणि झालेलेही लवकर नासते. म्हणून एकाच झाडाचे जानेवारीतले फूल गडद जांभळे आणि मे महिन्यातले मळकट गुलाबी. त्यात कळीमध्ये फुलकिडे शिरले आणि पानांच्या पाठीवर लाल कोळ्यांनी बारीक जाळी धरली. दोघांनाही कोरडी, उष्ण हवा आवडते. वर बोअरचे पाणी मचूळ. गुलाबाला क्षार सोसत नाहीत.

म्हणजे पहा, झाड एक, गावे तीन आणि शत्रूही तीन प्रकारचे. मढला पाणी, नारायणगावला चुना आणि भुरी, शिरूरला ऊन आणि किडी. मग एकच औषध तिघांना कसे चालेल?

हा विचार आपल्या जुन्नर तालुक्याला नवा नाही बरं का. इंग्रजी अमलात पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ साली सरकारी वनस्पती-बाग निघाली. तिची देखरेख १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. या बागेची एक शाखा जुन्नर तालुक्यात हिवरे येथे होती आणि तिथे औषधी वनस्पती लावीत. पुढे १८४७ मध्ये हेच गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. बाहेरून आलेले झाड इथल्या हवेला मानवते की नाही, हे आधी लावून पाहावे आणि मग लोकांना सांगावे, ही अशा बागांची रीत. मी मात्र आधी सांगितले आणि मग पाहिले.

दुसऱ्या वर्षी आम्ही तिन्ही गावी नव्याने सुरुवात केली. काय केले ते क्रमाने सांगतो. ज्याला उपयोगी पडेल त्याने उतरून घ्यावे.

मढसारख्या पावसाच्या गावी खड्डा खणूच नये. उलट ढीग करावा. माती, कुजलेले शेणखत आणि बारीक मुरूम मिसळून दीड फूट उंचीचा, पसरट वरंबा करावा आणि त्याच्या माथ्यावर कलम लावावे. पाणी दोन्ही अंगांनी निघून जाते. लावणी जूनमध्ये करू नये. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये करावी. म्हणजे पुढच्या पावसाआधी मुळांना सात-आठ महिने मिळतात. दोन झाडांत चार फूट अंतर ठेवावे, वारा खेळला पाहिजे. गळलेले पान झाडाखाली राहू देऊ नये, ते वेचून जाळावे किंवा लांब पुरावे. कारण रोगाचे बीज त्यातच असते. आणि पावसाच्या तोंडावर युरिया देऊ नये. त्याने कोवळी, लुसलुशीत फूट येते आणि रोगाला आयते घर मिळते.

पानांचे काय करावे, हा प्रश्न होता. त्यावर उपाय मुलांनीच काढला. एक मुलगा म्हणाला, "सर, माणूस इरले घेऊन खाचरात जातो, मग झाडाला इरले का नको?" किती शहाणा प्रश्न! मुलांनी चार कारवीच्या काठ्या रोवल्या आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचे छप्पर घातले. चारी बाजू उघड्या. पाऊस पानावर पडत नाही, उजेड मिळतो, वारा खेळतो. तळेगाव-मावळकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाबाची शेती चालते आणि फेब्रुवारीत 'व्हॅलेंटाईन'च्या दिवसासाठी तिथून फुले परगावी जातात. त्यांचे पॉलिहाऊस म्हणजे तरी काय? मोठे इरलेच की! ज्यांना हेही जमत नाही त्यांनी कलम मोठ्या कुंडीत किंवा तळाला भोके पाडलेल्या डब्यात लावावे. पावसाचे चार महिने ते पडवीच्या कडेला, उजेडात ठेवावे आणि नवरात्रानंतर बाहेर काढावे. गावची हवा आपल्याला हलवता येत नाही, पण कुंडी हलवता येते.

नारायणगावसारख्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत गादीवाफा करावा. मातीत मुरूम आणि भरपूर कंपोस्ट मिसळावे. पानांत पिवळेपणा दिसला तर हिराकस शेणखतात आठवडाभर मुरवून बुंध्याभोवती घालावे. नुसते चुनखडीच्या मातीत टाकले तर ते लवकरच निकामी होते. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारावे. मात्र कडक उन्हात फवारू नये, पाने करपतात.

शिरूरसारख्या कोरड्या गावी जागा अशी निवडावी की सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी सावली पडेल. घराच्या पूर्वेची भिंत उत्तम. बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. पाणी पहाटे द्यावे. बोअर मचूळ असेल तर पन्हळीचे पावसाचे पाणी साठवून गुलाबासाठी राखावे. एप्रिल-मे मध्ये येणाऱ्या कळ्या खुडून टाकाव्यात. माझ्या बहिणीला हे पटेना. "दादा, आलेली कळी खुडायची?" मी म्हटले, "अगं, उन्हाळ्यात आपण बैलालाही दुपारी सोडतो ना?" झाडाला तेवढी विश्रांती मिळाली की पुढे ते भरभरून देते.

आता छाटणी. इथे पुस्तके फार घोटाळा करतात. इंग्लंडातील पुस्तक सांगते, छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. तिकडे बर्फाच्या थंडीत झाड झोपते आणि वसंतात जागे होते. आपल्याकडे फेब्रुवारीत छाटले तर नवी फूट थेट मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडते. आपली मुख्य छाटणी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास करावी. मढकडे पाऊस लांबला तर महिनाअखेरीस करावी. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी फुले येतात, म्हणजे नेमकी आपल्या गारठ्यात. लंडनला राहणाऱ्या आपल्या नातेवाईकाने मात्र तिकडच्याच पंचांगाने चालावे!

झुडपी गुलाब असेल तर तो फार खाली छाटू नये. वाळलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या आणि पेन्सिलीहून बारीक काड्या काढाव्यात. बाकीच्या एक तृतीयांश कमी कराव्यात. काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या वर, तिरपा घ्यावा. डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारे फुटवे मुळापासून ओढून काढावेत. ते खुंटाचे असतात. त्यांची पाने आणि काटे वेगळे दिसतात. त्यांना राहू दिले तर दोन वर्षांत खुंट राहतो आणि जांभळा गुलाब जातो. मग लोक म्हणतात, "झाडाने रंग बदलला!"

छाटणीनंतर उघड्या काड्यांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात विरघळवावे, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरात विझवून गाळून घ्यावा. मग दोन्ही एकत्र ओतून ढवळावीत. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको. तयार मिश्रणात घासलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून आणखी चुन्याचे पाणी घालावे. हे काम मोठ्या माणसाने करावे, मुलांनी लांबून पाहावे. पण त्या खिळ्यावर तांबे का चढले, हे मात्र त्यांना जरूर विचारावे.

तीन ठिकाणचा हा हिशेब मांडला तर असे दिसते की गुलाबाला सर्वांत कठीण गाव मढ. पण एक गंमत पहा. जिथे पावसाळा सर्वांत वाईट, तिथला हिवाळा गुलाबाला चांगला! डिसेंबर-जानेवारीच्या मढच्या गार रात्रींत फुलांवर छान रंग उतरतो. म्हणजे मढकराने पावसाचे चार महिने झाड सांभाळले की पुढचे दान त्याचेच. वाईट हवा अशी कुठेच नसते. कोणत्या झाडाला, कोणत्या महिन्यात, एवढेच पाहायचे असते. मढच्या डोंगरावर कारवी आहेच ना! तीही जांभळ्या फुलांचेच झुडूप. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हा उतारच्या उतार जांभळे होतात. तिला ना वरंबा लागतो ना इरले. ती त्या पावसाचीच लेक आहे. गुलाब परगावाहून आलेली सून. तिला घरची रीत समजेपर्यंत आपण थोडे सांभाळून घ्यायचे.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत मी मढला गेलो. वरंब्यावर झाड कमरेइतके झाले होते आणि त्यावर पाच फुले होती, पिकलेल्या जांभळाच्या रंगाची. गुरुजींनी त्या मुलीला बोलावून आणले. ती आता आठवीत गेली होती. मी तिला सगळ्या मुलांसमोर सांगितले, "बाळ, पहिले झाड तुझ्या हाताने मेले नाही. मी चुकीचा खड्डा सांगितला होता." मुले माझ्याकडे पाहतच राहिली. सर चुकले, हे सर स्वतः सांगतात, याचे त्यांना नवल वाटले असावे. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने मात्र तिने विचारले, "याची काडी लावली तर लागेल का, सर? घरी न्यायची आहे."

मी तिला वीतभर लांबीची, पेन्सिलीएवढी जाड काडी कशी निवडायची, खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली कसा घ्यायचा आणि दोन डोळे मातीत, दोन वर कसे ठेवायचे, ते दाखवले. लागेलच असे नाही, म्हणून एकाऐवजी पाच लाव, असेही सांगितले.

श्रोतेहो, तुमच्या गावी गुलाब येत नाही असे कोणी म्हटले तर लगेच मान हलवू नका. आधी विचारा, कोणत्या महिन्यात लावला होता? पाणी कुठे साचत होते? पान किती वेळ ओले राहत होते? माती काळी की तांबडी? आणि गुरुजींना माझी विनंती एवढीच की शाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावावा. त्यावर पाऊस, थंडी, छाटणी आणि फुले यांची नोंद मुलांकडून वर्षभर ठेवून घ्यावी. तीन वर्षांत तुमच्या गावचे स्वतःचे पुस्तक तयार होईल आणि ते माझ्या जाड पुस्तकापेक्षा नक्की खरे असेल.